जुनी हेक्सा घ्यावी की क्रिस्टा, एक्सयूव्ही, अर्टिगा? सात जणांच्या सेकंडहँड गाडीचा हिशेब

टाटा हेक्सा जानेवारी २०१७ मध्ये आली आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले तेव्हा थांबली. तिच्या अंगाखालचा सांगाडा टाटाच्याच २०१० च्या आरिया गाडीचा. व्हॅनची जागा, एसयूव्हीची उंची आणि खाली ट्रकसारखी स्वतंत्र चॅसिस असा हा प्रकार. आज बाजारात दिसणारी प्रत्येक हेक्सा पाच वर्षांपुढची आहे. मॉडेल बंद झाल्यामुळे ती त्याच वयाच्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि घेणारे तिथेच भुलतात. ही स्वस्ताई काहींना खरंच लाभते आणि काहींना दोन वर्षांत फेडावी लागते. आपण कोणत्या गटात आहोत हे गाडी बघायला जाण्याआधीच कळायला हवं.

कागद घ्या आणि चार आकडे लिहा. वर्षाला किती किलोमीटर होतात? तिसऱ्या रांगेत वर्षातून किती वेळा माणसं बसतात, आणि ती मोठी की लहान मुलं? पार्किंगची लांबी-रुंदी किती, टेपने मोजून? आणि हेक्सा किंवा तिच्याच घराण्यातलं इंजिन असलेल्या टाटा सफारी स्टॉर्मवर हात बसलेलं गॅरेज घरापासून किती लांब? चौथा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, पण निर्णय बऱ्याचदा तोच फिरवतो.

पार्किंगचं आधी उरकून टाकू. हेक्साची लांबी ४७८८ मिलिमीटर, क्रिस्टाची ४७३५, एक्सयूव्ही ५०० ची ४५८५, किया कॅरेन्सची ४५४० आणि अर्टिगाची ४३९५. सोसायटीत पाच मीटरची जागा असेल तर सगळ्या मावतात. साडेचार मीटरची असेल तर हेक्सा जवळजवळ एक फूट बाहेर राहते, आणि रोज संध्याकाळी शेजाऱ्याशी वाद ठरलेला. रुंदीही १९०० मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे खांबांमधल्या जागेत दार पूर्ण उघडत नाही. आजी-आजोबांना उतरवायचं असेल तर हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा.

सामानाचं गणित

सात जण बसल्यावर मागे उरते ती डिकी अशी: क्रिस्टा ३०० लिटर, कॅरेन्स २१६, अर्टिगा २०९, हेक्सा १२८, एक्सयूव्ही ५०० फक्त ९३. म्हणजे सगळ्यात दणकट दिसणाऱ्या दोन गाड्यांत सामानाला सगळ्यात कमी जागा. गणपतीला सात जण कोकणात जाणार असतील तर हेक्साला टपावर कॅरियर लागणारच. अर्टिगा सीएनजी घेतली तर सिलिंडर डिकीत बसतो आणि ते २०९ लिटरही हातचे जातात. शिवाय त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. जुनी सीएनजी गाडी घेताना ते प्रमाणपत्र मागा, नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

बसण्यात मात्र हेक्सा पुढे आहे. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सहा आसनी गाडी लांबच्या प्रवासाला फार आरामदायी. पण त्यात खरोखर सहाच माणसं बसतात. सातवा कुणी नेहमी असेल तर बाकड्याची सीट असलेलीच शोधा. आणि बघायला जाताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिसऱ्या रांगेत दहा मिनिटं बसवा. शोरूमच्या दारात एक मिनिट बसून काही कळत नाही.

पैशाचा हिशेब

समजा डिझेल ९० रुपये लिटर आणि सीएनजी ८८ रुपये किलो. शहर आणि हायवे मिळून हेक्साचं अ‍ॅव्हरेज लिटरला ११ किलोमीटर धरा, क्रिस्टा डिझेलचं १२, अर्टिगा सीएनजीचं किलोला २०. तुमच्या गावचे दर घालून हेच पुन्हा करा. वर्षाला १२ हजार किलोमीटरला हेक्सा साधारण ९८ हजारांचं इंधन खाते, क्रिस्टा ९० हजारांचं, अर्टिगा ५३ हजारांचं.

म्हणजे हेक्सा आणि क्रिस्टा यांच्यात इंधनाचा फरक वर्षाला आठ हजार. खरेदीच्या किमतीतला लाखांचा फरक त्यातून कधीच भरून निघत नाही. त्यामुळे ‘क्रिस्टा अ‍ॅव्हरेज देते’ हे कारण बाजूला ठेवा. क्रिस्टासाठी जास्त पैसे मोजायचे ते पुन्हा विकताना मिळणाऱ्या किमतीसाठी आणि कुठल्याही तालुक्याला मिळणाऱ्या सुट्या भागांसाठी. ही दोन्ही कारणं खरी आहेत.

अर्टिगाशी तुलना मात्र रनिंगवर ठरते. वर्षाला सहा हजार किलोमीटर असेल तर इंधनात तेवीस हजारांच्या आत फरक पडतो. पंचवीस हजार असेल तर चौऱ्याण्णव हजारांवर जातो. रोज साठ-सत्तर किलोमीटर ये-जा करणाऱ्याने हेक्साकडे बघूच नये. महिन्यातून दोनदा गावी जाणारा आणि एरवी गाडी झाकून ठेवणारा हा तिचा योग्य मालक.

विम्यातही फरक आहे. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ७८९७ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३४१६, त्यावर जीएसटी वेगळा. हेक्सा आणि एक्सयूव्ही ५०० दोन्ही २१७९ सीसी, क्रिस्टा २.४ ही २३९३ सीसी, अर्टिगाचं पेट्रोल इंजिन १४६२. पाच-सात वर्षांपुढच्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन कव्हर (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारा विमा) मिळणं अवघड होतं, म्हणजे बंपर किंवा हेडलाइट फुटला तर बराच खर्च खिशातून. हेक्साच्या बाबतीत हे जास्त झोंबतं. २.२ लिटर व्हॅरिकॉर इंजिन सफारी स्टॉर्मच्या घराण्यातलं असल्याने त्याचे भाग मिळतात, पण हेडलॅम्प, टेललॅम्प, बंपर, डिकीची काच फक्त तिचीच. घेण्याआधी दोन स्पेअर पार्टच्या दुकानांत फोन करून हेडलॅम्पची किंमत आणि येण्याचे दिवस विचारा. ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे.

गाडीच्या किमतीच्या पंधरा टक्के रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढा. ती काढल्यावर हेक्सा बजेटबाहेर जात असेल, तर ती बजेटबाहेरच आहे.

कोणती हेक्सा

एक्सई व्हेरियंटला कमी ताकदीचं व्हॅरिकॉर ३२० इंजिन आणि पाच गिअर. एक्सएम आणि एक्सटीला व्हॅरिकॉर ४००, १५६ पीएस आणि ४०० न्यूटन मीटर, सहा गिअर. दोन टनांपेक्षा जड गाडीला घाटात हे दुसरंच इंजिन हवं. एक्सटीला सहा एअरबॅगा, पण चाकं १९ इंची, टायर २३५/५५ आर१९. खालच्या व्हेरियंटला १६ इंची, आणि तो टायर बराच स्वस्त पडतो. पाच टायर बदलायचे असतील तर दोन्हींचा भाव काढून बघा, डोळे उघडतील. तरीही कुटुंबासाठी एअरबॅगा निवडाव्यात, टायरचे पैसे भाव करताना वळते करावेत. फोर बाय फोर फक्त मॅन्युअलमध्ये आली. शेतावर चिखलातून जाणं नसेल तर ते वजन आणि तो देखभालखर्च उगाच.

ही बीएस-४ डिझेल आहे, त्यामुळे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नाही. शहरात थोडं-थोडं चालवणाऱ्याला ही चांगली गोष्ट आहे. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तो फिल्टर छोट्या फेऱ्यांनी काजळीने तुंबतो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो.

गाडी तपासताना

आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगा, इंजिन थंड ठेवा. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड स्टार्टचा दोष लपवण्यासाठी आधीच चालू केलेली असू शकते. ‘पुन्हा येतो’ म्हणावं.

थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागलं पाहिजे. धूर बघा. क्षणभर काळा चालतो, पण रेस दिल्यावर सतत काळा येत असेल तर एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा इंजेक्टर. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो किंवा रिंगा. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून वर ठेवा. थोडी वाफ ठीक. झाकण उडायला लागलं आणि भकाभक धूर आला तर सिलिंडर झिजलेत, तिथूनच निघा.

क्लच: जड गाडी आणि घाटात क्लचवर अर्धवट पाय ठेवणारे चालक यामुळे तो लवकर जातो. सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडाला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा पूर्ण सेट आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी असं एकत्र कोटेशन घ्या, नुसत्या प्लेटचं नाही.

हेक्सा मागच्या चाकांवर चालते. म्हणून ऑटोमॅटिकमध्ये डी मधून आर, किंवा मॅन्युअलमध्ये पहिल्यातून रिव्हर्समध्ये टाकताना ‘टक्क’ आवाज येतो का ऐका. प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट सैल झाले की तो येतो. एक्सयूव्ही, अर्टिगा, कॅरेन्स पुढच्या चाकांवर चालतात. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट गेले. सस्पेन्शनसाठी स्पीडब्रेकरवरून दहा-पंधराच्या वेगाने काचा खाली आणि म्युझिक बंद ठेवून जा. खडखड आली तर लिंक रॉड, धप्प आवाज आला तर बुश किंवा बॉल जॉइंट.

आता गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवून खालून बघा. पाचशे रुपये वाचवायला ही पायरी सोडणारे लोक पाहिले की आश्चर्य वाटतं. चॅसिसच्या लांब तुळयांवर वेल्डिंगची शिवण, ताजा काळा रंग किंवा वाकलेपणा दिसतो का पाहा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गाडीला गंज जास्त, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. एक्सयूव्ही ५०० आणि अर्टिगाला वेगळी चॅसिस नाही, तिथे बॉनेटखालचे सस्पेन्शनचे मनोरे आणि डिकीचा तळ बघायचा. तिथे ठोकाठोकी झाली असेल तर अलाइनमेंट कधीच नीट बसत नाही.

पुराची गाडी ओळखायला शिका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, तिथल्या गाड्या स्वच्छ होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत राहिलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखाली वास येतो का, डॅशबोर्डखालच्या वायरच्या सॉकेटांत हिरवा गंज आहे का, ते बघा.

टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र, लावा. दोषाचा एकही कोड नाही आणि मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, अपूर्ण दाखवतात, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती.

कागद

क्रिस्टा बघत असाल तर आधी ती टॅक्सी होती का ते वाहन पोर्टलवर तपासा. प्रवासी परवान्यावर पळालेली गाडी नंतर खासगी करून विकली जाऊ शकते, आणि दीड लाख दाखवणाऱ्या मीटरचं मग काही खरं नसतं. चॅसिस नंबरवर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढा, तिथे प्रत्येक भेटीचं किलोमीटर असतं.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध २०१५ पासून आदेश निघत आलेत, त्यामुळे तिकडून स्वस्त गाड्या इकडे येतात. स्वस्त दिसली तरी एनओसी, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नवा एमएच नंबर यांचा खर्च आणि वेळ त्यात मिळवा. इथल्याच गाडीचा एकरकमी कर आधीच भरलेला असतो.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का बघा, आणि जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करायला लावा.

ताबा मिळाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, बाहेरचा बेल्ट हे सगळं एकदम बदलून टाका, आधीच्या मालकाने ‘परवाच केलंय’ सांगितलं असलं तरी. त्याचं बिल आणि त्या दिवसाचं मीटर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढची गळती किंवा आवाज नवा की जुना, हे मेस्त्रीला त्यावरूनच सांगता येईल.