फाइव्ह-स्टार रूम अर्ध्या भावात: आधी झाकलेलं नाव ओळखा, मग पैसे भरा

परवा नागपुरातच, धंतोलीतल्या मैत्रिणीचा फोन, म्हणे इन्कॉग्निटो विंडो उघडून रात्री बारानंतर पाहिलं की हॉटेल अर्ध्या भावात मिळते, कुठल्यातरी रीलमध्ये सांगितलं. नाही मिळत बाई! माझी लेक शिकागोला राहते, तिच्या एवढ्याशा घरात आठवडाभर गर्दी करून झाली की आम्ही सगळे दोन-तीन रात्री डाउनटाउनच्या चांगल्या हॉटेलात काढतो, आणि इतक्या खेपांमध्ये पूर्ण भाव मी एकदाही दिलेला नाही.

आधी हे डोक्यातून काढा की तुम्ही आकडा बोलाल आणि हॉटेल हो म्हणेल. प्राइसलाइन या अमेरिकन बुकिंग साइटने 1998 मध्ये ती 'तुमचा भाव तुम्हीच सांगा' वाली बोली सुरू केली होती, आता ती बंद आहे, त्यामुळे जुने लेख वाचून ते बटण शोधत बसू नका. तेव्हा मजा होती खरी, एरिया आणि स्टार निवडून डॉलर टाकायचे, बोली नाही लागली तर तीच लगेच परत टाकता यायची नाही, काहीतरी बदलावं लागायचं, मग लोक ज्या एरियात फाइव्ह-स्टार हॉटेलच नाही असा एरिया जोडून एक जास्तीचा चान्स काढायचे, बदल तर झाला, पण हॉटेल मिळणार आधीच्याच एरियात. आता उरलं ते तिचं धाकटं भावंड, प्राइसलाइनवर एक्सप्रेस डील आणि हॉटवायर या तसल्याच दुसऱ्या साइटवर हॉट रेट. भाव दिसतो, स्टार दिसतात, एरिया दिसतो, नाव मात्र पैसे भरल्यावरच. हॉटेलवाल्यांचंही बरोबर आहे, आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही, पण नावासकट भाव पाडला तर नेहमीचं गिऱ्हाईक पण तोच भाव मागेल.

स्टेप 1: कार्ड. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, 2020 पासून नवीन कार्डावर ते बंदच येतात. विदेशी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतो, वर त्या मार्कअपवर जीएसटी.

स्टेप 2: तारखा. पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसाचा शिक्का हातात नसेल तर या भानगडीत पडूच नका. आणि शिकागो आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेदहा तास, थंडीत साडेअकरा, तर 'आज रात्री' म्हणजे कुणाची आज, ते दोनदा बघा. मे महिन्यात तिथे रेस्टॉरंटवाल्यांचं मोठं प्रदर्शन असते, जुलैच्या शेवटी-ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रँट पार्कात लोलापलूझा हा मोठा संगीत महोत्सव, तेव्हा भाव असे चढतात जसे आपल्याकडे डिसेंबरात अधिवेशनाच्या वेळी. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात स्वस्त, फक्त थंडी सोसायची तयारी पाहिजे.

स्टेप 3: नाव ओळखणं. खरं काम इथेच आहे बाप्पा, आणि इथेच मी पहिल्या खेपेला तोंडघशी पडली. नकाशावर एरिया रंगवून दाखवतात, मी तो मोठ्ठा रंगीत तुकडा पाहिला आणि मनातल्या मनात मिशिगन अव्हेन्यू, म्हणजे तिथला मधोमधचा मोठा रस्ता, धरून पैसे भरून मोकळी. निघालं ते त्या रंगाच्या पार काठावरचं हॉटेल, म्हणजे धरमपेठ समजून वाडी नाक्यावर उतरल्यासारखं. वरून जानेवारी.

आता मी दोन विंडो शेजारी-शेजारी उघडते. एकीत झाकलेली डील, दुसरीत त्याच साइटची नावासकट यादी, तारखा त्याच, स्टार तेच, एरिया तोच. मग गणित. समजा डील 145 डॉलरला आहे आणि वर लिहिलंय 42 टक्के सूट. शंभरातून 42 गेले, 58 राहिले, 145 ला 0.58 ने भागा, आले 250, हा त्या हॉटेलचा मूळ भाव. आता उघड्या यादीत 250 च्या आसपास कोण आहे बघा, दोन-चार डॉलर इकडेतिकडे चालतील. बहुतेक वेळा दोन किंवा तीनच नावं उरतात.

मग फिल्टर. इनडोअर पूलचा फिल्टर लावा, झाकलेली डील यादीतून गायब झाली तर त्या हॉटेलात पूल नाही, म्हणजे पूलवालं नाव कटलं. पार्किंगचा लावा, कुत्रं चालते का त्याचा लावा, आम्हाला कुत्रं नाही पण ओळखायला कामाला येते. पाहुण्यांनी दिलेले मार्क पण जुळवा. एवढं करूनही दोन नावं राहिली तर एकच प्रश्न स्वतःला विचारा, यातलं वाईट हॉटेल मिळालं तर चालेल का? नसेल चालत तर सोडा. बाकीचे सांगतात 'सरप्राइजची मजा घ्या', माझ्या मते ते लोक म्हाताऱ्या सासूला घेऊन कधी फिरलेले नाहीत. ज्यांना एवढी माथापच्ची नको त्यांच्यासाठी प्राइसलाइनवरच प्राइसब्रेकर्स आहे, तीन नावं दाखवतात, त्यातलं एक मिळते.

आणि पलंग! हे तर ठळक लिहायला पाहिजे. अशा डीलमध्ये भरवसा फक्त दोन माणसांच्या खोलीचा, दोन पलंग मिळतीलच असं नाही. आम्ही चौघं गेलो, एक किंग बेड, आणि जावई चक्क खाली कार्पेटवर झोपले. माझा नवरा अजून ते काढते. चार जण असाल तर डीलमध्येच दोन पलंग लिहिलेले असतील तरच घ्या, नाहीतर दोन खोल्या.

स्टेप 4: खरा आकडा. शिकागोत हॉटेलवर टॅक्स 17 टक्क्यांच्या वर आहे, म्हणून शेवटच्या पानावरचीच रक्कम धरा. मे 2025 पासून तिथल्या नियमाने रिसॉर्ट फीसारखी सक्तीची फी जाहिरातीतल्या भावातच दाखवावी लागते, पण टॅक्स नंतर जोडता येतो, आणि पार्किंग तर वेगळंच. डाउनटाउनला गाडी उभी करायचे रात्रीचे 50 डॉलर सहज जातात, सूट तिथेच संपली. लेकीची गाडी आम्ही घरीच ठेवतो आणि ट्रेनने जातो.

स्टेप 5: बटण दाबा. नाव दिसेल.

स्टेप 6: चेक-इन. पासपोर्टवर आहे तेच नाव बुकिंगवर, त्याच नावाचं क्रेडिट कार्ड हातात, कारण डिपॉझिट म्हणून काही डॉलर ब्लॉक करतात. हॉटेलच्या मेंबरशिपचे पॉइंट अशा बुकिंगवर सहसा मिळत नाहीत, तिथे वाद घालू नका. त्यापेक्षा दुपारी जरा लवकर पोचा आणि काउंटरवर हसून विचारा, वरच्या मजल्यावर दोन पलंगांची खोली रिकामी आहे का. मी विचारते तेव्हा निम्म्या वेळा तरी मिळते. नाही मिळाली तर घडीची गादी मागवा, काही ठिकाणी तिचे पैसे लागतात, पण जावयाला कार्पेटवर झोपवण्यापेक्षा ते परवडते.