स्पेनमध्ये एकच शहर निवडायचं असेल तर कार्ताहेना: सुट्टीचं प्लॅनिंग कसं करायचं

स्पेनला जायचं म्हटलं की आपल्याकडे प्लॅन ठरलेला असतो, बार्सिलोना, माद्रिद, सेविया, ग्रानादा, आणि दहा दिवसांत निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि स्टेशनवर वाट बघण्यात जातो. मला मनापासून वाटतं की एकदा तरी एकच मध्यम आकाराचं समुद्रकाठचं शहर धरावं आणि तिथे चार-पाच रात्री निवांत राहावं. माझी निवड कार्ताहेना, आग्नेय स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतातलं बंदर. आपल्या टूर कंपन्यांच्या यादीत हे नाव सहसा नसतं, म्हणून सगळं जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक सावधगिरीची गोष्ट. फ्लाइट शोधताना कार्ताहेना टाकलं की बहुतेक वेळा कोलंबियातलं कार्ताहेना वर येतं, सीटीजी हा विमानतळाचा कोड त्याचाच आहे. माझ्या एका मित्राने हॉटेल जवळजवळ तिकडचंच बुक केलं होतं, पैसे भरायच्या आधी नकाशा उघडला म्हणून वाचला. स्पेनच्या कार्ताहेनाला स्वतःचं प्रवासी विमानतळ नाही. सगळ्यात जवळचं कोर्वेराचं, म्हणजे मुर्सिया प्रांताचं विमानतळ, पण तिथे फ्लाइट्स मोजक्या. अलिकान्तेचं विमानतळ शंभरेक किलोमीटरवर आहे आणि युरोपातल्या खूप शहरांतून तिथे स्वस्त फ्लाइट्स येतात, म्हणजे लंडन किंवा जर्मनीत कुणी नातेवाईक असतील आणि त्यांच्याकडून पुढे जायचं असेल तर अलिकान्ते बरं. भारतातून थेट निघणार असाल तर माद्रिदला उतरा, तिथून मुर्सियापर्यंत डिसेंबर 2022 पासून हायस्पीड ट्रेन सुरू झालीय, साधारण तीन तास लागतात, आणि मुर्सियाहून कार्ताहेना पन्नासेक किलोमीटर, बसने तासाच्या आत. तिकिटं काढताना ट्रेन माद्रिदच्या कुठल्या स्टेशनवरून सुटते ते नीट वाचा, मुर्सियाच्या गाड्या सहसा चामार्तिनहून सुटतात आणि नवखा माणूस सवयीने आतोचाला जाऊन उभा राहतो.

व्हिसा शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर अजिबात विसंबू नका, मे-जूनला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. जून 2024 पासून मोठ्यांची फी 90 युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची निम्मी, व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स निदान 30,000 युरोंच्या वैद्यकीय कव्हरचा लागतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, त्यामुळे एकाच शहरात राहण्याचा इथे पण फायदा होतो, हॉटेलचं एकच बुकिंग, कागद सुटसुटीत, आणि विचारलं तर सांगायलाही सोपं.

कधी जायचं? एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. हा स्पेनचा सगळ्यात कोरड्या पट्ट्यांपैकी एक, पाऊस फार कमी, पण जुलै-ऑगस्टमध्ये ऊन असं असतं की दुपारी दगडी गल्लीत फिरवत नाही. समुद्रात पोहायचंच असेल तर सप्टेंबर उत्तम, पाणी अजून कोमट असतं आणि स्पॅनिश कुटुंबांच्या सुट्ट्या संपलेल्या असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात दहा दिवस कार्थेजिनियन (उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन राज्याचे लोक) आणि रोमन लोकांचा उत्सव असतो, 1990 पासून सुरू आहे, अर्धं शहर चिलखतं घालून, झगे घालून रस्त्यावर उतरतं आणि जुन्या लढाया परत लढतं. तेव्हा जायचं असेल तर हॉटेल तीन-चार महिने आधी घ्या. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या मिरवणुका पण फार देखण्या, इथल्या मिरवणुकांची ओळख म्हणजे ढोलाच्या ठेक्यावर एका लयीत चालणाऱ्या, सैनिकी शिस्तीच्या रांगा, आणि माराखोस आणि कालिफोर्निओस या दोन मंडळांमधली जुनी चुरस. आपल्याकडे गणपतीत मानाच्या मिरवणुका बघायला रात्र रात्र उभे राहणाऱ्यांना ती चुरस लगेच कळेल.

आता शहर. हे समजून घेऊन गेलात तर दुप्पट मजा येते, म्हणून जरा थांबून सांगतो. इ.स.पू. 227 च्या सुमारास कार्थेजच्या हास्द्रुबालने हे शहर वसवलं. आपण शाळेत ज्या हॅनिबलबद्दल वाचलं, जो हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून रोमवर चालून गेला, तो इ.स.पू. 218 मध्ये इथूनच निघाला. इ.स.पू. 209 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने शहर जिंकलं, आणि ते कसं जिंकलं तर शहराच्या उत्तरेला मोठी उथळ खाजण होती, पाणी उतरल्यावर त्याचे सैनिक त्यातून चालत आले आणि पहारा नसलेल्या तटावर चढले. ती खाजण आता नाही, भर घालून तिथे रुंद रस्ते आणि वस्ती झालीय, आणि बहुतेक स्वस्त हॉटेलं त्याच भागात आहेत, म्हणजे ज्या पाण्यातून शत्रू आला त्यावर तुम्ही झोपणार.

फिरायला सुरुवात करा ती पुनिक, म्हणजे कार्थेजच्या लोकांनी बांधलेल्या तटबंदीपासून. ही हास्द्रुबालच्या काळातली भिंत, 1987 मध्ये सापडली, बस स्टँडच्या अगदी जवळ आहे आणि रेल्वे स्टेशनपासूनही चालत. तिथे कॉम्बो तिकिटाची चौकशी करा, शहरातली बरीच स्थळं एकत्र चालवली जातात आणि चार-सहा ठिकाणं मिळून घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. तिथून गिस्बेर्त रस्त्याला या. तिथे डोंगर खोदून केलेले स्पेनच्या यादवी युद्धातले हवाई हल्ल्यांपासून बचावाचे निवारे आहेत, आता म्युझियम. कार्ताहेना हा रिपब्लिकन, म्हणजे सरकारच्या बाजूच्या आरमाराचा मुख्य तळ होता, बॉम्बफेक खूप झाली, आणि हे शहर अगदी शेवटी, मार्च 1939 च्या अखेरीला पडलं. आत जरा गार आणि दमट असतं, लहान मुलांना आधी समजावून न्या. शेजारीच लिफ्ट आहे, तिने वर कोन्सेप्सिओन किल्ल्याच्या टेकडीवर जाता येतं, आणि वर बागेत चक्क मोर मोकळे फिरतात. वरून बंदराचा आकार बघा, दोन्ही बाजूंनी डोंगर पुढे आलेले, आत शांत पाणी आणि प्रत्येक टोकावर तोफांची जागा. जंजिरा, सिंधुदुर्ग बघून वाढलेल्या माणसाला ही जागा बंदरासाठी का निवडली ते विचारावं लागत नाही.

रोमन थिएटर मात्र किल्ल्यावरून बघून परत फिरू नका, ही चूक खूप जण करतात. वरून दिसतं म्हणून तिकीट वाचवतात आणि मग खरी गोष्टच हुकते. आत जायचा रस्ता टाऊन हॉलसमोरच्या एका जुन्या वाड्यातून आहे. रफाएल मोनेओ या आर्किटेक्टने 2008 मध्ये हे म्युझियम असं बांधलंय की तुम्ही वाड्यात शिरता, सरकत्या जिन्यांनी वर वर जाता, जुन्या उद्ध्वस्त चर्चच्या खालून एका बोगद्यासारख्या वाटेने चालता आणि एकदम उघड्या आकाशाखाली सहा हजार माणसांच्या थिएटरमध्ये बाहेर पडता. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातलं, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अगदी शेवटचं बांधकाम, आणि 1988 पर्यंत कुणाला पत्ता नव्हता, वर घरांची दाटी होती, एका इमारतीच्या कामासाठी खोदताना सापडलं. मी तिथे दुपारी चारनंतर गेलो होतो, पायऱ्यांवर तासभर नुसता बसलो. तो तास प्लॅनमध्ये ठेवाच.

पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं राष्ट्रीय म्युझियम, सगळे त्याला आर्कुआ म्हणतात, बंदराच्या धक्क्यावरच आहे, तिकीट अगदी थोडं, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी फुकट. फिनिशियन (भूमध्य समुद्रातले प्राचीन दर्यावर्दी व्यापारी) जहाजातून निघालेले हस्तिदंत, त्यावर कोरलेली अक्षरं, आणि 1804 मध्ये बुडालेल्या मेर्सेदेस या स्पॅनिश जहाजातली नाणी इथे आहेत. ती नाणी एका अमेरिकन कंपनीने समुद्रातून काढून नेली होती, स्पेनने अमेरिकेच्या कोर्टात केस लढून 2012 मध्ये परत मिळवली. तिथून जवळच आरमाराच्या म्युझियमच्या आवारात इसाक पेरालची पाणबुडी ठेवलीय, 1888 मध्ये पाण्यात उतरलेली, विजेवर चालणारी. पेराल याच गावचा.

एक नियम लक्षात ठेवा, सोमवारी यातली बहुतेक ठिकाणं बंद असतात. म्हणून सोमवार समुद्रासाठी. आणि दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर, संध्याकाळी सहाला जेवायला गेलात तर किचन बंदच मिळणार. लहान मुलं किंवा डायबेटिस असलेले आई-वडील बरोबर असतील तर दुपारचं जेवण भरपेट आणि संध्याकाळी काहीतरी हलकं, हाच हिशोब बसतो. अजून एक, बंदरात मोठं क्रूझ जहाज लागलं की सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत गावाचा मधला भाग भरून जातो, बंदराचं वेळापत्रक नेटवर असतं, त्या दिवशी बाहेर निघून जा.

बाहेर कुठे? पोहायला सगळ्यात जवळ काला कोर्तिना, शहरापासून तीनेक किलोमीटर, डोंगराच्या कुशीतला छोटा बीच. खरा सुंदर समुद्र हवा असेल तर काल्ब्लांके, तिथे वाळूच्या टेकड्या आहेत, हॉटेल एकही नाही, उन्हाळ्यात गाड्या आत सोडत नाहीत, बाहेर पार्क करून बसने जायचं, पाणी-खाणं स्वतःचं न्या. काबो दे पालोस हे दीपगृहाचं गाव, समोरचा समुद्र 1995 पासून राखीव आहे, डायव्हिंगसाठी लोक लांबून येतात. आणि ज्यांना गडकिल्ल्यांचं वेड आहे त्यांनी एक दिवस गाडी भाड्याने घेऊन काबो तिन्योसोवरचा कास्तियितोसचा तोफखाना बघावा, पस्तीस किलोमीटर मारा करणाऱ्या दोन प्रचंड तोफा, कड्यावर, खाली निळं पाणी. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून न्या.

मार मेनोरबद्दल एक सांगायलाच हवं. हे समुद्राला लागून असलेलं सुमारे 135 चौरस किलोमीटरचं खारं सरोवर, जुन्या फोटोंत काचेसारखं दिसतं. आजूबाजूच्या शेतीतली खतं वर्षानुवर्षं वाहून आत गेली, 2019 आणि 2021 मध्ये लाखो मासे किनाऱ्यावर मरून पडले. लोक रस्त्यावर आले, सह्या गोळा केल्या, आणि 2022 मध्ये कायद्याने या सरोवराला माणसासारखे हक्क मिळाले. तिथे जरूर जा, पण ब्रोशरमधल्या फोटोंच्या अपेक्षेने बुकिंग करू नका, पोहायचं असेल तर त्या आठवड्यात पाणी कसं आहे ते हॉटेलवाल्याला विचारा.

खाण्याचं. काल्देरो म्हणजे माशाच्या रश्शात शिजवलेला भात, आधी भात आलिओली या लसूण-तेलाच्या घट्ट चटणीबरोबर, मग मासे वेगळे. कोकणी माणसाला जिवाभावाचा वाटेल. सहसा दोघांसाठीच बनवतात. मारिनेरा म्हणजे कुरकुरीत कडबोळ्यासारख्या ब्रेडवर रशियन सॅलड आणि वर खारवलेला अँचोव्ही मासा, तो नको असेल तर बिसिक्लेता मागा, पण सॅलडमध्येच ट्यूना असतो हे शाकाहारींनी लक्षात घ्यावं. मिचिरोनेस नावाची उसळ दिसायला आपल्या वालासारखी, त्यात मात्र चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि हॅम असतंच. शाकाहारी असाल तर नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून भागत नाही, "सिन खामोन, सिन आतून" (हॅम नको, ट्यूना नको) पण म्हणा. पिस्तो (टोमॅटोतली मिश्र भाजी), झुकिनी आणि अंड्याचं सारांगोयो, भाजलेल्या भाज्या मिळतात, आणि दोन-तीन दिवसांनी कंटाळा येईल म्हणून किचनवालं अपार्टमेंट घेणं चांगलं, बाजारात तांदूळ, हरभरे, टोमॅटो सगळं उत्तम मिळतं. गावची कॉफी आसियातिको, त्यात कंडेन्स्ड मिल्क, ब्रँडी, लिकोर 43 ही गोड दारू आणि दालचिनी. दारू नको असेल तर काफे बोंबोन मागा, त्यात फक्त कॉफी आणि कंडेन्स्ड मिल्क.

परत निघताना बाजारातून वाळवलेल्या न्योरा मिरच्या घ्या. गोल, लाल, तिखट जवळजवळ नाहीच, काल्देरोचा रंग आणि वास त्यांचाच. मी पाव किलो आणल्या होत्या. तेलात परतून, वाटून मी त्या सुरमईच्या कालवणात घालतो, बरोबर आमची नेहमीची बेडगी थोडी कमी करून.