त्वचेचा टीबी: सीबीनॅटला नमुना पाठवताना या चुका टाळा

दिघा, ऐरोली, कळव्याकडून येणारे त्वचेच्या टीबीचे पेशंट बहुधा गजकर्णाची मलमं लावून थकलेले असतात. गालावरचा लालसर चट्टा महिनोन्‌महिने पसरत असतो, नाहीतर मानेतली गाठ फुटून वाहत असते. डॉक्टरांनी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी, सांगितली तर उत्तमच. घोळ होतो तो त्यानंतर.

सगळ्यात महागात पडते ती डबीची चूक. बायोप्सीचा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, तेच लागतं, पण त्याने जंतू मरतात, म्हणजे कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याचा) प्रश्नच मिटला. शिवाय जंतूंचा डीएनए तुटतो आणि सीबीनॅटचीही धार जाते. म्हणून बायोप्सीच्या वेळीच दोन तुकडे घ्या: एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डबीत, थोड्या नॉर्मल सलाइनमध्ये. ही दुसरी डबी थंड ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये पोचायला हवी. पेशंटनेही बिनधास्त विचारावं, "डॉक्टर, सलाइनची डबी वेगळी काढलीत ना?"

गाठीत पू असेल तर वरवर कापूस फिरवून भागत नाही. सुईने पू ओढून पाठवावा.

दुसरी चूक मला जास्त सलते. 'निगेटिव्ह' वाचलं की टीबीचा विषयच बंद केला जातो. गालावरच्या चट्ट्यात, म्हणजे ल्युपस व्हल्गॅरिसमध्ये, जंतू इतके विरळ असतात की खरा टीबी असूनही ते त्या तुकड्यात सापडत नाहीत. फुटलेल्या गाठीच्या पुवात ते मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून रिपोर्ट एकटा वाचू नका. हिस्टोपॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके) आहे का, मांटू (टीबीसाठी हातावर टोचून केलेली चाचणी) किती उठली, छातीचा एक्स-रे काय म्हणतो, हे सगळं शेजारी ठेवा. कल्चरला सहा आठवडेही लागतात, पण ते लावाच.

सीबीनॅटच्या रिपोर्टवर 'ट्रेस', म्हणजे जंतूंचा अगदी पुसटसा माग, आलं तर रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही हे त्यातून कळत नाही. आणि औषधं लागू पडतायत का हे बघायला सीबीनॅट पुन्हा करू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही ती पकडते. तिथे चट्टा किती उतरला हेच बघायचं.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेलाच असेल तर हताश होऊ नका. चट्टा जागेवरच आहे. टीबीची औषधं सुरू होण्याआधी पुन्हा एक छोटी बायोप्सी घेता येते. तोवर लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स टाळा, ती टीबीच्या जंतूंनाही दाबून ठेवतात.