दृष्टिहीन मधुमेहींना स्वतःचे बीपी मोजायला कसे शिकवावे

मधुमेहात दृष्टी गेलेल्या माणसाचे बीपी घरातले दुसरेच कोणीतरी मोजते, आकडा स्वतः पाहते आणि 'ठीक आहे' म्हणून मोकळे होते. असे करू नका. वाढलेले बीपी मूत्रपिंडे आणि उरलीसुरली दृष्टी दोन्ही पोखरते, म्हणून आकडा पहिल्यांदा ज्याच्या त्याच्या कानावर पडायला हवा.

यंत्र दंडाला बांधायचे आणि बोलणारे घ्या. मनगटाचे नको, कारण हात हृदयाच्या पातळीखाली जरा उतरला तरी आकडा वाढतो. दुकानातच चालवून ऐका: भाषा समजते का, वरचा आणि खालचा आकडा स्पष्ट सांगते का, जुनी नोंद बोलून दाखवते का. दंडाचा घेर मध्यावर टेपने मोजा. नेहमीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटेच जास्त येते.

कफवरची बाणाची खूण छापील असते, बोटांना लागत नाही. तिथे कापडी चिकटपट्टीची जाड घडी लावा. शिवू मात्र नका, सुईने आतली हवेची पिशवी फुटते. सुरू करायच्या बटणावरही खूण हवी. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर बारीक ठिपका कळत नाही, वेल्क्रोचा खरखरीत तुकडा कळतो.

शिकवताना त्यांचा हात ओढू नका. तुमच्या हातावर त्यांना हात ठेवू द्या, आणि दुसऱ्या खेपेस सगळे त्यांनाच करू द्या.

१. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, सिगारेट नको. लघवीला जाऊन यावे.
२. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पायावर पाय नको.
३. बाही काढून हात टेबलावर, तळवा वर. टेबल ठेंगणे असेल तर खाली उशी घ्यावी, म्हणजे कफ हृदयाच्या पातळीवर येतो.
४. कोपराच्या घडीत, करंगळीच्या बाजूला, दोन बोटांनी नाडी चाचपावी. कफवरची खूण त्याच रेषेत आणि खालची कड घडीच्या दोन बोटे वर. कफखाली एक-दोन बोटे जेमतेम शिरावीत.
५. बटण दाबल्यावर बोलू नये, तुम्हीही काही विचारू नका. एक मिनिटाने पुन्हा मोजावे.

डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांची जोडणी) केलेल्या हाताला कफ कधीच बांधू नये.

सकाळी औषधाआधी आणि रात्री, असे सात दिवस मोजून आकडे फोनवर आवाजात नोंदवावेत. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेहींना सहसा १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, पण ज्याचे त्याचे लक्ष्य डॉक्टरच ठरवतील.

आता सहसा राहून जाणारी गोष्ट. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतू दुबळे होतात आणि उभे राहताच बीपी घसरते. नजरेचा आधार नसला की तोल सावरणे आणखी अवघड, मग माणूस न्हाणीघरात पडतो. म्हणून कधीतरी पाच मिनिटे आडवे पडून मोजावे, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी. हात तेव्हाही हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवावा, आणि तुम्ही शेजारी उभे राहा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

गोव्याच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत सेलच्या पट्ट्या गंजतात. यंत्र हवाबंद डब्यात ठेवा, बराच काळ वापरायचे नसेल तर सेल काढा. वर्षातून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन त्याच हातावर तिथल्या यंत्राशी ताडून घ्या. पावसाळ्यात आकडा चढला तर पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचा, डबाही आठवा: खारा बांगडा, चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), पापड. दिवसाचे मीठ सगळे धरून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा, याच्या आत हवे.

१८०/१२० च्या वर आले तर पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजावे. तेवढेच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणे, दम, बोलताना अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे असेल तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच १०८. हा क्रमांक त्यांना तुमच्या मदतीशिवाय फोनवर काढता येतो का, ते आजच, कॉल न लावता, त्यांच्याकडून करून घ्या.