थिअरीत येताय? आधी गृहीतकं वाचायला शिका

एआय संशोधनातल्या थिअरीकडे वळणाऱ्या नव्या मंडळींचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. गणित किती लागतं, कोडिंगपासून सुटका होते का, आणि पुढे पोटापाण्याचं काय. तिन्हींवर बोलेन, पण त्याआधी कामाचं स्वरूप सांगायला हवं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की थिअरीवाले दिवसभर प्रमेयं सिद्ध करतात. प्रत्यक्षात आमचा बराचसा वेळ कुठलं गृहीतक काढलं तर काय कोसळतं, हे तपासण्यात जातो. निष्कर्ष काय, गोषवाऱ्यात कोणालाही वाचता येतो. ज्याला 'हे कशाच्या जिवावर खरं आहे' हे सांगता येतं, त्याला या क्षेत्रात काम मिळतं.

ही सवय लावायला पर्सेप्ट्रॉनइतकं, म्हणजे उदाहरणांवरून दोन गट वेगळे करायला शिकणाऱ्या साध्या पद्धतीइतकं, सोयीचं ठिकाण नाही. फ्रँक रोझेनब्लाटने १९५८ साली मांडलेला हा अल्गोरिदम दोन ओळींचा आहे. उत्तर चुकलं तर वजनं त्या उदाहरणाच्या योग्य दिशेला सरकवायची; बरोबर आलं तर हात लावायचा नाही. १९६२ मध्ये नोविकॉफने दाखवलं की दोन गट मूळबिंदूतून जाणाऱ्या एका प्रतलाने वेगळे होत असतील, तर एकूण चुका 'आर भागिले गॅमा'च्या वर्गापेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. इथे आर म्हणजे मूळबिंदूपासून सर्वांत दूरच्या उदाहरणाचं अंतर, आणि गॅमा म्हणजे त्या प्रतलाच्या प्रत्येक बाजूला किमान मिळणारी मोकळी जागा.

सिद्धता अर्ध्या पानात बसते. प्रत्येक चुकीनंतर वजनांचा सदिश योग्य दिशेने किमान गॅमाइतका पुढे सरकतो. त्याच वेळी त्याच्या लांबीचा वर्ग फार तर आरच्या वर्गाइतका वाढतो. म्हणजे के चुकांनंतर योग्य दिशेची प्रगती किमान के गुणिले गॅमा, आणि एकूण लांबी फार तर के-च्या वर्गमुळाला आरने गुणून येईल तेवढी. प्रगती लांबीपेक्षा मोठी असू शकत नाही. झालं.

आता इथे वही बंद करू नका, खरं काम पुढेच आहे. खुंटा हलवून बघा. 'चुकल्यावरच बदल' ही अट कुठे वापरली? लांबीच्या हिशेबात. चूक झालेली असते म्हणून गुणाकाराचं मधलं पद शून्य किंवा ऋण येतं आणि ते टाकून देता येतं. बरोबर उत्तरावरही बदल करत राहिलात तर ही ओळ गेली. गॅमा शून्यापेक्षा मोठा हवा, हे कुठे वापरलं? वजनांचा सदिश पुढे सरकतो, त्या वाक्यात. एक्सऑरसारख्या (दोन इनपुटपैकी नेमकं एकच खरं आहे का, अशा) प्रश्नात तसा गॅमाच नसतो, आणि मिन्स्की आणि पेपर्ट यांनी १९६९ मध्ये पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा मांडल्या त्या याच जातीच्या. मिती कुठे वापरल्या? कुठेच नाही! दहा मिती असोत की दहा लाख, मर्यादा तीच. पहिल्या वाचनात ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण जे सिद्धतेत *नाही* ते शोधायची सवय आपल्याला कुणी लावलेली नसते.

दुसरा व्यायाम आकड्यांचा. एखादं मॉडेल तयार आहे आणि त्याची खरी चूक पाच टक्क्यांच्या फरकाने मोजायची आहे, तीही ९५ टक्के खात्रीने. होफडिंगची असमानता (नमुन्यांची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती भरकटू शकते याची मर्यादा) सांगते की ७३८ स्वतंत्र नमुने पुरतात. आता एक मॉडेल नाही, हजार मॉडेलं आहेत, आणि हजारही एकाच वेळी पाच टक्क्यांच्या आत मोजली जायला हवीत. नवा माणूस हजारपट नमुन्यांची तयारी करतो. हिशेब केलात तर उत्तर येतं २,१२०. दहा लाख मॉडेलं घेतली तर ३,५०१. मॉडेलांची संख्या लॉगरिदमच्या आत जाऊन बसते, म्हणून ती इतकी स्वस्त पडते. १९८४ मध्ये लेस्ली व्हॅलियंटने शिकण्याची गणिती व्याख्या मांडली, त्याआधी १९७१ मध्ये वाप्निक आणि चेर्वोनेन्किस यांनी अनंत मॉडेलांच्या गटालाही सांत माप लावून दाखवलं. या सगळ्या इमारतीचा पाया समजायला वरचे तीन आकडे स्वतःच्या हाताने काढले तरी पुष्कळ. कॅल्क्युलेटर घ्या आणि काढा, वाचून सोडून देऊ नका.

आणि लगेच प्रतिप्रश्न विचारा: मग आजच्या मोठ्या न्यूरल नेटवर्कना हा हिशेब लागू पडतो का? २०१७ मध्ये चियुआन झांग आणि सहकाऱ्यांच्या पेपरने इथेच सुरुंग लावला. त्यांनी सीफार-१० या संचातल्या ५०,००० चित्रांची लेबलं वाटेल तशी बदलली, आणि नेहमीच्या नेटवर्कने ती निरर्थक लेबलंही पूर्ण पाठ केली; ट्रेनिंगमधली चूक शून्य. जे नेटवर्क काहीही पाठ करू शकतं, त्याच्यासाठी 'मॉडेलांचा गट लहान आहे म्हणून निकाल विश्वासार्ह' हा युक्तिवाद निकामी ठरतो. तरीही खरी लेबलं दिली की तेच नेटवर्क न पाहिलेल्या चित्रांवर चांगलं चालतं. का, यावर त्यानंतर पेपरांचा पाऊस पडला आणि सर्वांना पटेल असं एकच उत्तर अजून मिळालेलं नाही. लक्षात घ्या, जुनी प्रमेयं इथे खोटी पडली नाहीत. ती या बाबतीत काही उपयोगाचं सांगत नाहीत, एवढंच. हा फरक न समजता 'थिअरी फसली' म्हणणारे लोक भेटतील, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

उलटा प्रकारही घडतो: प्रमेय चुकीचं आणि पद्धत धडधाकट. अ‍ॅडम हा ऑप्टिमायझर (नेटवर्कची वजनं पावलापावलाने सुधारणारी पद्धत) किंग्मा आणि बा यांनी २०१४ च्या शेवटी मांडला, सोबत तो योग्य ठिकाणी पोचतो याची सिद्धताही दिली. २०१८ मध्ये शशांक रेड्डी, सत्येन काळे आणि संजीव कुमार यांनी दाखवलं की त्या सिद्धतेत एक राशी ऋण होणार नाही असं धरलं गेलं होतं, आणि ती ऋण होऊ शकते. नुसतं भोक दाखवून ते थांबले नाहीत, अ‍ॅडम चुकीच्या टोकाला जाऊन बसतो असं उदाहरण दिलं. ते इतकं छोटं आहे की कागदावर करता येतं.

एक चल, उणे १ ते अधिक १ मध्ये. उतार, म्हणजे चल वाढवला की किंमत किती वाढते ते, दर तीन पावलांत एकदा ३ आणि दोनदा उणे १. तिन्हींची बेरीज अधिक १, म्हणजे किंमत कमी करायची तर उणे १ कडे जायला हवं. अ‍ॅडम मात्र प्रत्येक उताराला अलीकडच्या उतारांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाने भागतो. गतीचा भाग (आधीच्या पावलांचा जोर पुढे नेणारा) बंद ठेवून आणि सरासरीत जुन्या मूल्याचं वजन ०.१ धरून चाललात, की मोठ्या उताराचं पाऊल उणे १.०५ च्या आसपास येतं, पुढची दोन अधिक ०.७६ आणि अधिक ०.९७. बेरीज अधिक ०.६८. मोठा उतार स्वतःच्याच वर्गाने दबला गेला आणि चल उलट्या दिशेला निघाला. प्रत्यक्षात हे वजन बहुधा ०.९९९ असतं, त्यामुळे नेमकं हेच उदाहरण व्यवहारात आडवं येत नाही. पण कुठलंही वजन कायम धरून बसलात तर त्याला फसवणारा प्रश्न बनवता येतो, हेही त्याच पेपरात आहे. त्यानंतरही अ‍ॅडम सर्रास वापरला गेला. तीन पावलांची ही बेरीज मी नव्या विद्यार्थ्यांकडून आवर्जून करून घेते. एखाद्या पद्धतीत नेमकं काय बिघडतं हे वर्षभर पेपर वाचून कळत नाही तेवढं यातून कळतं.

आता गणिताचा प्रश्न. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की हवी. पक्की म्हणजे आयगेनमूल्य आणि सशर्त अपेक्षित मूल्य झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं. कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशन थोडं. बाकी मेजर थिअरी, फंक्शनल अ‍ॅनालिसिस वगैरे अडल्यावर शिका. 'आधी सगळं गणित संपवतो, मग संशोधनाला लागतो' म्हणणारे मी बरेच पाहिलेत. त्यांचं गणित संपत नाही. संगणकीय गुंतागुंतीकडे (प्रश्न सोडवायला यंत्राला किती वेळ लागतो याच्या थिअरीकडे) मात्र दुर्लक्ष होतं आणि ते महागात पडतं. ब्लम आणि रिव्हेस्ट यांनी १९८८ मध्येच सिद्ध केलं होतं की फक्त तीन नोडच्या नेटवर्कला दिलेल्या उदाहरणांवर अचूक बसवणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ज्यांच्यावर झटपट अल्गोरिदम कुणालाच माहीत नाही अशा अवघड प्रश्नांपैकी. तरी आज अब्जावधी पॅरामीटरची नेटवर्कं ट्रेन होतातच. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे ज्याला नीट समजावता येतं (सर्वांत वाईट परिस्थितीबद्दलचं विधान आणि समोरच्या डेटाबद्दलचं विधान वेगळं असतं), त्याची मुलाखत मी घेत असते तर तिथेच निम्मी संपवली असती.

कोडिंगपासून सुटका नाही. पण कोड लहान असतो. प्रमेय सिद्ध करायला बसण्याआधी दोन मितींत, वीस ओळींत चालवून बघा. अर्ध्या वेळा विधानच खोटं निघतं आणि आठवडा वाचतो. हल्ली भाषा-मॉडेलं सिद्धतेत मदत करतात. जरूर वापरा, फक्त 'हे सहज दिसते' अशा अर्थाचं वाक्य आलं की तिथे लाल शाईची खूण करा. चूक लपायची आवडती जागा तीच, माणसाच्या सिद्धतेतही आणि यंत्राच्याही.

प्रश्न कुठून मिळवायचे? स्वतःहून सुचतील याची वाट पाहू नका. कोल्ट ही शिकण्याच्या थिअरीची जुनी परिषद १९८८ पासून भरते, आणि तिथे न सुटलेले प्रश्न रीतसर मांडले जातात. मोजक्या पानांत प्रश्न, माहीत असलेलं आणि अडलेली जागा. ते सुटतील असं नाही, पण प्रश्न कसा मांडतात हे तिथे दिसतं. एएलटी हीदेखील याच विषयाची परिषद. न्यूरिप्स आणि आयसीएमएल या मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदांतही थिअरीचे पेपर असतात, पण तिथले रिव्ह्यूअर प्रयोग मागण्याची शक्यता जास्त, तेव्हा एखादा आलेख तयार ठेवा.

एक बारीक व्यवहाराची गोष्ट. थिअरीच्या पेपरांवर लेखकांची नावं बहुधा आडनावाच्या वर्णक्रमाने असतात, प्रयोगवाल्यांच्या पेपरांवर कामाच्या वाट्याप्रमाणे. नोकरीसाठी अर्ज वाचणारा माणूस दुसऱ्या गटातला असेल तर वर्णमालेत शेवटी येणाऱ्याने काहीच केलं नाही असं त्याला वाटू शकतं. बायोडेटात एक ओळ लिहून टाका की क्रम वर्णानुसार आहे. पोटापाण्याचं म्हणाल तर निव्वळ थिअरीच्या जागा मुख्यतः विद्यापीठांत आणि काही मोठ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांत, त्याही मोजक्याच. बाकी ठिकाणी तुम्हाला घेतात ते प्रयोग नीट आखता येतात म्हणून, किंवा एखादा निकाल संशयास्पद का आहे हे लवकर ओळखता येतं म्हणून.

गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: सिद्धता अडली की सर तुमच्याबरोबर फळ्यापाशी उभे राहतात का, की 'करून आणा' म्हणून सांगतात? आणि गेल्या वेळी एखादा प्रश्न सोडून द्यायचा निर्णय कोणी घेतला, कधी? दुसऱ्या प्रश्नावर कोणी चाचरलं तर अजून एक-दोघांना विचारून मगच अर्ज करा.