लक्षद्वीपच्या पाणीपुरवठ्यासाठी दूरनियंत्रण यंत्रणा आखण्यापूर्वीची तयारी

पंपांची यादी मागवण्याआधी बेटाखालचे पाणी समजून घ्यावे. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांवर नदी किंवा ओढा नाही. मुरलेले पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी जेवढे, त्याच्या सुमारे ४० पट खाली, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजेच उपशाने पातळी बोटभर उतरली तरी खालचे खारे पाणी कितीतरी अधिक वर चढते. त्यामुळे टाकीच्या पातळीइतकीच विहिरीतील पाण्याची विद्युतवाहकता (पाणी जितके खारे तितकी ती जास्त) मोजण्याची सोय आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावी, आणि शक्य असेल तेथे दोन खोलींवर सेन्सर बसवावेत. येथील विहिरी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत असल्याने भरतीच्या वेळी घेतलेली एकच नोंद विहीर भरलेली असल्याचा भास निर्माण करते. म्हणून पातळी दर १५ मिनिटांनी नोंदवावी आणि उपशाचा निर्णय सुमारे २५ तासांच्या, म्हणजे दोन भरतींच्या, सरासरीवर घ्यावा. वाहकतेचा इशारा मात्र तत्काळ मिळाला पाहिजे.

निःक्षारीकरण केंद्रांची, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी करणाऱ्या केंद्रांची, मोजमापे वेगळी ठरवावीत. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्तीत दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचे केंद्र उभारले. त्यात पृष्ठभागावरचे कोमट पाणी निर्वात कक्षात बाष्प होते आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेले थंड पाणी त्या बाष्पाचे पुन्हा पाणी करते. अशा केंद्रात सर्वप्रथम निर्वाताचा दाब पाहावा, मग दोन्ही पाण्यांचे तापमान. कारण कक्षात कोठे गळती सुरू झाली तर ती टाकीत पाणी कमी दिसण्याच्या बऱ्याच आधी दाबाच्या आलेखात दिसते. तयार पाण्याची वाहकता वाढली, तर समुद्राच्या पाण्याचे तुषार बाष्पाबरोबर येत आहेत का, हे तपासावे.

सर्वांत जास्त विचार संपर्क तुटण्याचा करावा. कोची ते लक्षद्वीप समुद्राखालील ऑप्टिकल फायबरचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. त्यापूर्वीचा संपर्क उपग्रहावर अवलंबून होता. फायबर आले म्हणून पंप कधी चालवायचा व कधी थांबवायचा हे ठरवणारे नियम कोचीच्या किंवा कवरत्तीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवू नयेत. प्रत्येक ठिकाणच्या पीएलसीने (पंपाजवळच्या पॅनेलमधील छोट्या नियंत्रक संगणकाने) स्वतःच्या बळावर पंप चालवावा व थांबवावा, नोंदी वेळेसह साठवाव्यात आणि संपर्क आल्यावर पाठवाव्यात. दूरवरून दिलेल्या प्रत्येक आज्ञेला मुदत असावी. सकाळी दहाला दिलेली ‘पंप सुरू करा’ ही आज्ञा तुटलेल्या संपर्कात अडकून दुपारी एकला पोहोचली, तर ती रद्दच व्हायला हवी, कारण तोवर विहिरीपाशी दुरुस्तीसाठी माणूस उतरलेला असू शकतो. पॅनेलवरचा स्विच ‘स्थानिक’वर असताना बाहेरची कोणतीही आज्ञा चालू नये, आणि पाणी नसताना पंप कोरडा चालू नये यासाठीचे संरक्षण सॉफ्टवेअरवर न सोपवता थेट तारेने जोडावे.

सेन्सरचे सिग्नल ४ ते २० मिलीॲम्पिअरचे घ्यावेत, म्हणजे रिकाम्या टाकीलाही ४ मिलीॲम्पिअर येतात. मग शून्य आले की टाकी रिकामी नसून तार तुटली आहे, हे लगेच कळते. खाऱ्या हवेबद्दल कोकण किनाऱ्यावर काम केलेल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही: पेटी ठीक असते, गंज धरतो तो केबल ग्लँड (तार पेटीत शिरते तिथली घट्ट बसणारी जोडणी) आणि बिजागरीला. वीज मुख्यतः डिझेल जनित्रांची असल्याने यूपीएस हवाच. नैऋत्य मोसमी पावसात बोटींची ये-जा कमी होते, म्हणून सुटे भाग मे महिन्यापूर्वी बेटावर पोहोचवावेत.

परवाने आणि पासवर्ड यांची यादी करताना ऑस्ट्रेलियातील मरूची शायर या स्थानिक प्रशासन क्षेत्राचे २००० सालचे प्रकरण आठवावे: कंत्राटदाराच्या एका माजी कर्मचाऱ्याने रेडिओवरून सांडपाण्याच्या पंपांना आज्ञा देऊन लाखो लिटर मैला बाहेर सोडला. काम संपलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करण्याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्याकडे द्यावी. पडद्यावरचा मजकूर मल्याळममध्ये असावा. मिनिकॉय बेटावर महल ही भाषा बोलली जात असल्याने तेथील ऑपरेटरांना दाखवूनच इशाऱ्यांचे शब्द पक्के करावेत.

स्वीकृती चाचणीच्या दिवशी फायबर स्वतःच्या हाताने काढावी, पंप एक पूर्ण भरती-ओहोटी चालू द्यावा, आणि संपर्क जोडल्यावर मधल्या तासांची एकही नोंद गहाळ नाही हे पाहूनच सही करावी.