शिवसागर जलाशय आणि वासोटा: एका दिवसाचे नियोजन

कोयना धरणामुळे निर्माण झालेल्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडे, घनदाट अरण्यात वासोटा किल्ला उभा आहे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली हे जलाशयाकाठचे गाव गाठावे, तेथून बोटीने पलीकडे जावे आणि त्यासाठी पहाटेच निघावे, कारण बोटीच्या प्रवासातच जाऊन-येऊन बराच वेळ जातो आणि सूर्यास्तापूर्वी परतणे आवश्यक असते. हा परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि प्लास्टिक शक्यतो घरीच ठेवावे. पावसाळ्यात गड बंद असतो.

पाणी ओलांडल्यावर दाट झाडीतून चढ सुरू होतो. गडावर पोहोचल्यावर बाबूकड्यासमोर मात्र निवांत थांबावे. तेथून दिसणारी खोल दरी आणि समोरचा ‘जुना वासोटा’ नावाचा डोंगर यांचे दर्शन मनात खोलवर रुजते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीने हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला होता आणि 1818 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला, हे ठाऊक असले म्हणजे तेथील पडके चौथरेही लक्षपूर्वक पाहिले जातात. उतरताना घाई करू नये, कारण सुकलेल्या पानांवरून पाय घसरतो.